लॅपटॉपमध्ये मेमरी कार्ड दिसत नाही? बिघाड नेमका कुठे आहे ते असे ओळखावे

लॅपटॉपच्या कडेला असलेल्या अरुंद खाचेत कॅमेऱ्याचे किंवा मोबाइलचे मेमरी कार्ड घातले आणि स्क्रीनवर काहीच उमटले नाही, तर बिघाड चार ठिकाणी असू शकतो. कार्डात, ॲडॉप्टरमध्ये, लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये किंवा तो स्लॉट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. बहुतेक जण सुरुवात चौथ्यापासून करतात. मिळेल तिथून ड्रायव्हर उतरवतात, विंडोज नव्याने टाकून घेतात आणि शेवटी कळते की शंभर रुपयांचा ॲडॉप्टरच खराब होता. त्याहून वाईट म्हणजे या खटाटोपात मध्येच कधीतरी कार्ड दिसू लागते, 'फॉरमॅट करायचे का?' असे विचारते आणि घाईत 'हो' दाबले जाते. कार्ड रीडर बाजारात पुन्हा मिळतो, बारशाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

म्हणून स्लॉट दुरुस्त करणे आणि कार्डातला मजकूर सुखरूप बाहेर काढणे ही दोन वेगळी कामे मानावीत. दुसरे काम आधी करावे.

कार्ड की स्लॉट?

कार्ड ज्या कॅमेऱ्यातून, ड्रोनमधून किंवा मोबाइलमधून काढले, त्यातच परत घालून पाहावे. तिथे फोटो दिसत असतील तर कार्ड ठीक आहे आणि अर्धी काळजी मिटली. अशा वेळी लॅपटॉपच्या स्लॉटशी झटापट करण्याआधी कॅमेरा किंवा फोन यूएसबी केबलने जोडून फोटो उतरवून घ्यावेत. केबल फक्त चार्जिंगची नसावी, एवढे पाहावे. कॅमेरा किंवा फोन चार्ज होतो पण लॅपटॉपला दिसत नाही, असे झाले तर बहुतेक वेळा दोष केबलचाच असतो.

त्यानंतर उलट परीक्षा. त्याच स्लॉटमध्ये दुसरे, चालू असल्याची खात्री असलेले कार्ड घालावे. दुसरे कार्ड दिसले तर स्लॉट आणि ड्रायव्हर दोन्ही निर्दोष आहेत, तपास पहिल्या कार्डाकडे वळवावा. दुसरेही दिसले नाही तर स्लॉटकडे किंवा सॉफ्टवेअरकडे जावे. घरात यूएसबीचा बाहेरचा कार्ड रीडर असेल तर तिसरी परीक्षाही मिनिटभरात होते. या तीन परीक्षांना मिळून दहा मिनिटे लागतात आणि त्या न केल्यामुळे लोकांचे अख्खे रविवार जातात.

ॲडॉप्टर आणि ते छोटे बटण

मोबाइलचे मायक्रोएसडी कार्ड नखाएवढे, १५ बाय ११ मिलिमीटरचे असते. लॅपटॉपचा स्लॉट सहसा मोठ्या एसडी कार्डासाठी, म्हणजे ३२ बाय २४ मिलिमीटरसाठी असतो. मधला दुवा म्हणजे प्लॅस्टिकचा ॲडॉप्टर. त्यात कसलीही चिप नसते. एका टोकाचे संपर्कबिंदू दुसऱ्या टोकाला नेणाऱ्या पातळ पट्ट्या असतात, एवढेच. कार्ड वारंवार काढल्या-घातल्याने या पट्ट्या वाकतात किंवा सैल होतात, आणि कार्ड शाबूत असूनही लॅपटॉपला दिसत नाही. कार्डाबरोबर फुकट आलेल्या ॲडॉप्टरवर फार भरवसा ठेवू नये. दुसरा ॲडॉप्टर लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक सरकणारे बटण असते, त्यावर 'लॉक' असे लिहिलेले असते. त्याच्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ते बटण कार्डातल्या चिपला जोडलेलेच नसते; रीडर फक्त ते वर आहे की खाली, हे चाचपतो. लॉक असलेल्या कार्डात नवीन काही लिहिता येत नाही, काही खोडता येत नाही, पण वाचता येते. त्यामुळे कार्ड अजिबात दिसत नसेल तर दोष त्या बटणाचा नाही. उलट फोटो वाचवायचे असतील तर ते मुद्दाम लॉकवर सरकवणे चांगले; चुकून फॉरमॅट होण्याची शक्यता कमी होते.

स्लॉटमध्ये काय बिघडते

काही लॅपटॉपबरोबर स्लॉटमध्ये धूळ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकचे खोटे कार्ड बसवून येते. ते हुबेहूब कार्डासारखे दिसते, पण आत काहीच नसते. वर्षानुवर्षे ते तसेच राहते आणि एक दिवस कोणीतरी ते 'लॅपटॉपचे कार्ड' समजून चालत नाही म्हणून दुकानात जाते. तसेच प्रत्येक खाच मेमरी कार्डाची नसते. काही लॅपटॉपमध्ये ती सिमकार्डाची असते, आणि अलीकडच्या अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये कार्डाचा स्लॉट नसतोच. मॉडेल क्रमांक घालून कंपनीच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

खरा स्लॉट असेल तर आत बारीक धातूचे स्प्रिंग असतात आणि बाजूला एक इवलासा यांत्रिक स्विच. कार्ड आत आल्याची वर्दी हा स्विच देतो. तो अडकला, वाकला किंवा त्यावर मळ साचला की कार्ड आत असूनही लॅपटॉपच्या लेखी स्लॉट रिकामाच राहतो. कार्ड थोडे दाबून धरल्यावर दिसते आणि सोडल्यावर नाहीसे होते, हे याचे ठळक लक्षण.

कोकण किनाऱ्यावर किंवा पावसाळ्यात दमट हवेत राहिलेल्या लॅपटॉपच्या संपर्कबिंदूंवर गंजाचा पातळ थर बसू शकतो. साफ करताना लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. हवेच्या डब्याने किंवा हातपंपाने धूळ उडवावी. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्याबरोबर थुंकीचा ओलावाही आत जातो. कार्डाचे सोनेरी बिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यावेत. स्लॉटमध्ये सुई, पिन किंवा टाचणी घालण्याचा मोह टाळावा. आतला एक स्प्रिंग वाकला की साध्या साफसफाईचे काम मदरबोर्डाच्या दुरुस्तीपर्यंत जाते.

जुना रीडर, नवे कार्ड

बाहेरून सगळी कार्डे सारखी दिसतात, पण पिढ्या वेगळ्या आहेत. मूळ एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, २००६ मध्ये आलेले एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि २००९ चे एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत. नवा रीडर जुने कार्ड वाचतो, पण जुना रीडर नवे कार्ड वाचेलच असे नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये ३२ जीबीचे कार्ड सुरळीत चालते आणि १२८ जीबीचे दिसतही नाही, तर तो बिघाड नसून मर्यादा असते. कार्डावर छापलेली अक्षरे आणि लॅपटॉपची माहितीपुस्तिका ताडून पाहावी.

विंडोजमध्ये कुठे पाहावे

कार्ड स्लॉटमध्ये ठेवून लॅपटॉप 'रीस्टार्ट' करावा. 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणे म्हणजे तेच, असे वाटते. पण विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे शट डाउन करताना प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहू शकतो. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते.

तरीही काही दिसले नाही तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. कार्ड रीडर कोणत्या नावाखाली सापडेल हे लॅपटॉपवर अवलंबून असते. कुठे तो 'मेमरी टेक्नॉलॉजी डिव्हाइसेस'मध्ये असतो, कुठे 'एसडी होस्ट ॲडॉप्टर्स'मध्ये, कुठे यूएसबीच्या यादीत. रिअलटेकची चिप अनेक लॅपटॉपमध्ये असते, तेव्हा त्या नावाकडे लक्ष ठेवावे. काही लॅपटॉपमध्ये कार्ड नसताना वीज वाचवण्यासाठी रीडर यादीतूनही नाहीसा होतो, म्हणून कार्ड आत ठेवूनच शोधावे.

रीडरच्या नावावर पिवळे चिन्ह असेल तर डबल क्लिक केल्यावर कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही. कोड २२ म्हणजे कोणीतरी तो बंद करून ठेवला आहे. राइट क्लिक करून 'एनेबल' केले की काम झाले. कोड १० किंवा ४३ असेल तर रीडर सुरू होताना अडखळतो आहे. अशा वेळी 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करावे, विंडोज तो पुन्हा शोधते. ड्रायव्हर नव्याने बसवूनही तेच कोड परत आले तर चिपच खराब झाल्याचा संशय धरावा.

ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमका मॉडेल क्रमांक घालूनच घ्यावा. विंडोज अपडेटमधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्येही तो बऱ्याचदा सापडतो. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करा' अशी जाहिरात करणाऱ्या प्रोग्रामपासून दूर राहावे. त्यांच्याबरोबर नको असलेले बरेच काही लॅपटॉपमध्ये शिरते.

यादीत रीडरचा मागमूसच नसेल तर बायोसमध्ये डोकवावे. लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकी कंपनीने ठरवलेली कळ दाबली की ते उघडते. काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः कार्यालयीन वापराच्या, कार्ड रीडर तिथून बंद करता येतो. लॅपटॉप नोकरीच्या ठिकाणचा असेल तर माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आयटी विभागाने तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. तिथे स्वतः खटपट न करता विचारलेले बरे.

रीडर ठीक, तरीही कार्ड उघडत नाही

स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडल्यावर बऱ्याच गोष्टी उलगडतात. तिथे कार्ड 'हेल्दी' दिसते पण त्याला ड्राइव्हचे अक्षर नाही, असे असेल तर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मधून मोकळे अक्षर द्यावे. कार्ड लगेच उघडते. 'नो मीडिया' लिहिलेले असेल तर विंडोजला रीडर ओळखता येतो आहे, पण कार्डापर्यंत तो पोहोचत नाही. म्हणजे पुन्हा स्लॉट, ॲडॉप्टर किंवा कार्ड.

'रॉ' किंवा 'अनअलोकेटेड' दिसले तर हात आवरावा. इथे फॉरमॅटही करू नये आणि चेक डिस्कसारखी दुरुस्तीही चालवू नये. ती दुरुस्ती कार्डातच बदल करते आणि वाचवता येण्यासारखे काही त्यात कायमचे जाऊ शकते.

कार्ड अँड्रॉइड फोनमधले असेल तर आधी एक गोष्ट आठवून पाहावी. अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये मेमरी कार्ड फोनच्या अंतर्गत साठ्याचा भाग म्हणून वापरण्याची सोय आहे. तसे केले की फोन ते कार्ड सांकेतिक कुलपात ठेवतो आणि किल्ली फक्त त्याच फोनकडे असते. असे कार्ड लॅपटॉपला कोरे किंवा बिघडलेले वाटते आणि विंडोज भाबडेपणाने फॉरमॅट करायला सुचवते. कार्डात काहीच बिघडलेले नसते. ते त्याच फोनमध्ये परत घालावे, फोन केबलने जोडावा आणि फोटो उतरवावेत. तो फोन रीसेट करण्याआधी किंवा विकण्याआधी हे केलेच पाहिजे, कारण किल्ली गेली की कार्डातले काहीही परत मिळत नाही.

कार्ड खरोखरच बिघडले असेल तर ते वापरणे ताबडतोब थांबवावे. पुसलेले फोटो त्यांच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत सहसा तिथेच असतात. फोटोरेक हा मोफत प्रोग्राम फाइलच्या ठेवणीवरून फोटो आणि व्हिडिओ शोधून काढतो. मूळ नावे मात्र परत मिळत नाहीत, हजार फोटो क्रमांकांच्या नावांनी हाती येतात. सापडलेल्या फाइल त्याच कार्डावर नव्हे, लॅपटॉपच्या हार्डडिस्कवर किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर साठवाव्यात. 'क्विक फॉरमॅट' झालेल्या कार्डातूनही बऱ्याचदा बरेच काही निघते. विंडोजचा पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्ये लिहीत जातो, त्यानंतर काही उरत नाही. कार्ड कॅमेऱ्यात, फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, कुठेच दिसत नसेल तर घरगुती प्रोग्रामचा उपयोग नाही. ते काम माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेचे, आणि ते खर्चिक असते.

मॅक आणि लिनक्स

ॲपलने २०१६ मध्ये मॅकबुक प्रोमधून एसडी कार्डाचा स्लॉट काढून टाकला आणि २०२१ च्या १४ व १६ इंची मॉडेलमध्ये तो परत आणला. मधल्या वर्षांतल्या मॅकबुक प्रोमध्ये स्लॉट शोधत बसू नये. स्लॉट असलेल्या मॅकमध्ये कार्ड पूर्ण आत जात नाही, थोडे बाहेर राहते. ते दाबून आत घालण्याचा प्रयत्न करू नये. कार्ड फाइंडरमध्ये दिसले नाही तर 'डिस्क युटिलिटी'मध्ये पाहावे आणि तिथे दिसले तर 'माउंट' करावे. लिनक्समध्ये मोठी कार्डे उघडत नसतील तर प्रणाली जुनी असण्याची शक्यता जास्त. या कार्डांची एक्सफॅट रचना लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून आली.

स्लॉटच गेला असेल तर

काही लॅपटॉपमध्ये कार्ड रीडर वेगळ्या छोट्या पट्टीवर असतो आणि ती बदलता येते. पुष्कळ लॅपटॉपमध्ये तो थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेला असतो. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात न्यावा आणि कार्ड आपल्याकडेच ठेवावे. वॉरंटी संपली असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्यावा, कारण यूएसबीचा चांगला बाहेरचा रीडर काही शे रुपयांत मिळतो. तो घेताना यूएसबी ३ चा घ्यावा. त्यामुळे मोठे व्हिडिओ उतरवताना वेळ वाचतो. नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी जोडणी असेल तर त्याच टोकाचा रीडर निवडावा. तो बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनलाही लागतो, म्हणजे पुढच्या वेळी लॅपटॉप जवळ नसला तरी कार्ड उघडता येते.