आडनावाआधीचा नंबर

मॉरिशसमधल्या मराठी माणसाला आपला मूळ पुरुष शोधायचा असला, तर सुरुवात कुलदैवतापासून होत नाही. आधी नंबर लागतो. १८३५ मध्ये त्या बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसं लागणारच होती, म्हणून कराराने बांधलेले मजूर हिंदुस्थानातून न्यायला आदल्या वर्षीच सुरुवात झाली होती. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईला उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून गेली. मुंबईच्या बोटींचा वाटा त्या मानाने लहान, पण कोकणातली माणसं त्याच बोटींनी गेली.

उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळे आणि रजिस्टरात त्याच्या नावे एक ओळ पडे : बोट, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, कुठल्या मळ्यावर धाडला. ही नोंद पणतवंडांची सोय बघून केलेली नव्हती. मळ्यातून पळालेला माणूस धरता यावा म्हणून त्याच्या कपाळावरचा व्रण टिपलेला असे. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापणारी ती व्यवस्था! १८६७ च्या कायद्याने तर करार पुरा केलेल्यांनाही फोटोचा पास जवळ बाळगणं भाग पाडलं. पास नसला की पोलीस उचलत. आज एखाद्या घरात खापरपणजोबांचा एकुलता एक फोटो हार घालून लावलेला दिसतो, तो त्या धरपकडीच्या कृपेने काढला गेलेला असू शकतो.

ही रजिस्टरं आता मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. शोध मात्र उलटा चालतो. आपल्या आजोबांचा जन्मदाखला, त्यावरून त्यांच्या आईवडिलांचा विवाहदाखला, असं एकेक पिढी मागे जायचं. कुठल्या तरी दाखल्यात बापाच्या नावाशेजारी नंबर दिसला की रजिस्टराची ओळ हाती लागते.

आडनावाच्या जोरावर शोधू म्हणाल तर फसगत ठरलेली. रजिस्टराने नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. आडनावाचा रकानाच नव्हता. मग पहिल्या माणसाचं पाळण्यातलं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. सखाराम, बाबाजी, रामा ही तिकडची आडनावं आहेत. लक्ष्मण कारकुनाच्या हातून लचमन होऊन बसला. शिवाय सख्खे भाऊ वेगवेगळ्या नंबरांनी उतरले असतील, तर त्यांची आडनावं निराळी पडली आणि दोन पिढ्यांत भावकी परकी झाली. सोयरीक जुळवताना हे कुणाच्या लक्षात यावं?

इकडच्या टोकाला गाठ आणखी घट्ट. ओळीत जिल्हा ‘रत्नागिरी’ असला तरी तो आजचा रत्नागिरी नव्हे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा निघाला. त्याआधी मालवण, वेंगुर्लेही रत्नागिरीतच. सावंतवाडी मात्र तेव्हा स्वतंत्र संस्थान होतं. गावाचं नाव इंग्रजी कारकुनाने ऐकून लिहिलेलं, त्यामुळे एका नावाची चार गावं नकाशात सापडतात. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, त्या मजुराचं नाव शोधणं बहुधा व्यर्थ : तो जन्मला तेव्हा अशी बुकं कुठली, आणि मेला तो साता समुद्रापलीकडे.

माझ्या मते कागदापेक्षा देवळाकडून आत शिरलेलं बरं. तिकडच्या मराठी घरांनी गणपती सोडला नाही, कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. घरात एखाद्या देवीचं नाव टिकलं असेल, तर तेवढ्यावरून गावांची यादी चारावरून एकावर येऊ शकते. मग त्या देवळाच्या गुरवाला आणि मानकऱ्यांना विचारायचं, कुठल्या वाडीतला माणूस बोटीने गेला तो परतलाच नाही. या शोधाला आता व्यवहारी कारणही आहे. २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड द्यायचं ठरवलं. त्यासाठी मूळ भारतीय असल्याचा पुरावा लागतो, आणि त्या मजुराचा नंबर घराण्याच्या कामी येतो.