कोण आहे तिकडे तुमचं?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन-चार वीकएंड आईच्या व्हिसाच्या कागदपत्रांत गेले. ताई एडिसनला असते, न्यू जर्सीत. तिला दिवस गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी आईने डिंकाच्या लाडवांचं सामान कुठून आणायचं ते ठरवून टाकलं होतं. व्हिसा वगैरे तिच्या लेखी किरकोळ बाब होती.

फॉर्म मी भरला, पण मुलाखतीची तयारी करून घ्यायला बाबांनी ओळखीतला एक एजंट गाठला. त्याचा पहिलाच सल्ला: "काकू, बाळंतपण हा शब्द काढायचा नाही. फिरायला चाललेय म्हणायचं. नायगारा म्हणायचं." बाबा जाणार नव्हते, त्याचा तर एजंटाला आनंदच झाला. काका इथे राहताहेत म्हणजे काकू परत येणार याचा पुरावा झाला, म्हणे. बाबा म्हणाले, "म्हणजे मी ओलीस."

आईला मात्र हसू आलं नाही. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "लेकीचं बाळंतपण करायला जाणं हा गुन्हा आहे का रे? मग लपवायचं कशाला?"

तिला तेव्हा काही सांगता आलं नाही. नातेवाईक परगावी आहे म्हणून माणूस तिकडे जातो, यापेक्षा साधं कारण जगात नसेल. मग नेमकं तेच कारण अर्जात अडचणीचं कधीपासून झालं? पुढचे दोन रविवार त्यातच घातले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात आपल्याच माणसांपासून करू. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तिथून कार्पेंटरबाई त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या, न्यू जर्सीतल्या रोझेलला. (ताईच्या घरापासून रोझेल गाडीने अर्ध्या तासावर आहे. हे मला आत्ता कळलं!) ओळख काय, तर पत्रव्यवहाराची. व्हिसा काढलेला नव्हता, कारण तशी गोष्टच नव्हती. अमेरिकेत तेव्हा काही कायदेच नव्हते असं नाही. १८८२ साली चिनी मजुरांना बंदी झाली होती, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने गुन्हेगार, वेडसर आणि स्वतःचं पोट भरू न शकणारे यांना बंदरावरून परत पाठवायची सोय केली होती, शिवाय डोई ५० सेंट कर. पण ही तपासणी उतरल्यावर, समोर उभ्या असलेल्या माणसाची होई. परत कधी जाणार, हे निघायच्या आधीच आपल्या गावात कोणी विचारत नव्हतं.

तीन वर्षांनी, ११ मार्च १८८६ ला, फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली. त्या समारंभाला इंग्लंडहून एक नातेवाईक मुद्दाम आल्या होत्या. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. आनंदीबाईंशी त्यांचं लांबचं नातं होतं.

आता हा अर्ज आजच्या खिडकीसमोर ठेवून बघा. वय २७, विधवा. आई-वडील वारलेले, भाऊ वारलेला. हिंदुस्थानात घर नाही, नोकरी नाही. कडेला लहान मुलगी. येण्याचं कारण, नातेवाइकाचा पदवीदान समारंभ. एजंटाने हात जोडून परत पाठवलं असतं. आणि वर पुढे झालं काय, तर समारंभाला आलेल्या बाई जवळजवळ पावणेतीन वर्षं राहिल्या! शाळा पाहिल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, १८८७ मध्ये फिलाडेल्फियात पुस्तक छापून काढलं, बॉस्टनमध्ये आपल्या कामाला मदत करणारी संस्था उभी केली. १८८८ च्या अखेरीला निघाल्या आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. कागदावर ज्या बाईला परत यायला एकही कारण नव्हतं, ती परत आली.

हे सगळं बदललं ते पहिल्या महायुद्धात. हेरांच्या भीतीने १९१७ साली अमेरिकेने परक्या माणसांना आपल्या वकिलातीचा शिक्का घेऊनच निघायला लावलं. युद्ध संपलं, शिक्का राहिला. (तात्पुरता पॅच म्हणून टाकलेला कोड दहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतो, तसंच.) आपल्याकडेही १९२० साली पासपोर्टाचा कायदा आला, तोही याच लाटेत.

त्याच १९१७ साली अमेरिकेने आशियाचा मोठा पट्टा वसाहतीसाठी बंद केला आणि हिंदुस्थान त्यात होता. अपवादांची यादी वाचण्यासारखी आहे. पाद्री, वकील, डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी, सिव्हिल इंजिनियर, आणि कुतूहल किंवा मौज म्हणून येणारे प्रवासी. मुलीकडे येणारी आई या यादीत नाही. कशी असेल? मुलीलाच यायला बंदी होती. आलेल्या माणसाची बायको-मुलं चालत, आई नाही.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मूळ १९२४ च्या कायद्यात आहे. तो देशवार कोट्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण मला त्यातली व्याख्या जास्त महत्त्वाची वाटली. या कायद्याने म्हटलं की अमेरिकेकडे निघालेला प्रत्येक परका माणूस हा स्थलांतरितच. अपवाद काय ते खाली मोजून दिलेले, त्यात 'तात्पुरता आलेला पाहुणा' ही एक ओळ. आणि आपण अपवादात बसतो हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसाचीच. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल: फायरवॉलचा शेवटचा नियम. सगळं अडवा, यादीत असेल तेवढंच आत सोडा. पाहुणा हा मुळात पाहुणा नाहीच, तो आपण स्थलांतरित नसल्याचं पटवून देऊ शकलेला माणूस आहे.

१९५२ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने नवा कायदा केला, त्यात हाच नियम कलम २१४ (बी) म्हणून आला. आजही ज्यांना नकार मिळतो त्यांच्या हातातल्या कागदावर बहुतेक वेळा हाच आकडा असतो. अर्ज करणारा प्रत्येक जण कायमचा राहायला निघाला आहे असं धरून चालायचं, अधिकाऱ्याचं समाधान होईपर्यंत. आणि पाहुणा कोण? ज्याचं परदेशात घर आहे आणि ते सोडायचा ज्याचा इरादा नाही, तो. म्हणजे शेवटी सगळं येऊन थांबतं ते इरादा या शब्दावर. आता इरादा सातबाऱ्यावर कसा दिसणार? पण आपण सातबारा जोडतोच.

बरं, १९५२ मध्ये हे आपल्याला फारसं जाचत नव्हतं. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला १०० जागा दिल्या होत्या. तिकडे नातेवाईकच नाहीत तर भेटायला कोण जाणार?

मग आला १९६५ चा कायदा. आपले लोक त्याला दुवा देतात ते बरोबरच आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली, देशवार भेदभाव गेला, डॉक्टर-इंजिनियरांना वाट मिळाली. पण त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. कायमचं राहायला येण्याचा हमरस्ता नात्यातून काढला. नागरिक झालेल्या मुलाला आई-वडिलांना कोट्याबाहेर नेता येऊ लागलं आणि भावा-बहिणींसाठी अर्ज करता येऊ लागला. फार उदार कायदा. पण आता शेजारी २१४ (बी) ठेवा. एका कलमात नातं हे राहायला यायचा हक्क, दुसऱ्या कलमात तेच नातं इराद्याचा पुरावा! तिकडे कोणीच नसेल तर तुम्ही साधे प्रवासी. मुलगी असेल तर तुमच्याकडे राहून जायला कारण आहे. हे काही कोणी दुष्टपणाने केलेलं नाही. दोन वेगळ्या काळांत लिहिलेले दोन नियम एकाच माणसावर चालतात, आणि मधल्या मध्ये आई सापडते.

सगळ्यात वाईट गत भावंडांची. भाऊ नागरिक होतो, प्रेमाने बहिणीसाठी अर्ज टाकून देतो. भारतीयांसाठी या रांगेला पंधरा वर्षांहून जास्त लागतात. मधल्या काळात भाचीचं लग्न निघतं, बहीण दोन आठवड्यांसाठी जायचं म्हणते, आणि डीएस-१६० मध्ये प्रश्न येतो: तुमच्यासाठी कोणी कायमच्या व्हिसाचा अर्ज केलाय का? खरं उत्तर 'हो', आणि तेच द्यायला हवं. नकार मिळेलच असं नाही, पण इरादा नाही हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

आणि आता आमची गंमत. १९९० च्या कायद्याने एच-१ आणि एल व्हिसावाल्यांना या गृहीतकातून वगळलं. म्हणजे ताई एच-१ वर गेली तेव्हा 'पुढेमागे राहीनही' असा विचार मनात असला तरी कायद्याची हरकत नव्हती. कंपन्यांना माणसं हवी होती. सासर, संसार, नोकरी सगळं तिकडे मांडलेल्या मुलीवर संशय नाही. जिची भिशी, भजनी मंडळ आणि नवरा पुण्यात आहे त्या आईवर आहे.

यावर दाद मागायची कुठे? कुठेही नाही. १९२७ साली न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयात असं एक प्रकरण गेलं होतं. न्यायालय म्हणालं, वकिलातीने व्हिसा अन्यायाने नाकारला असेल तर त्या माणसाच्या देशाने राजनैतिक तक्रार करावी, आमच्या अखत्यारीतली ही बाब नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयातही हेच धोरण थोड्याफार फरकाने टिकलं. २०२४ मध्ये तर एका अमेरिकन बाईच्या नवऱ्याचा व्हिसा नाकारला गेला, तेव्हाही परदेशी नवऱ्याला देशात घेण्याचा मूलभूत हक्क बायकोला नाही असं ठरलं. मग आईची काय कथा.

दुसरा रस्ता असू शकतो हे इंग्लंडने करून बघितलं होतं, ते फारसं कोणाला माहीत नसतं. १९८६ साली त्यांनी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया आणि घाना या देशांच्या लोकांना व्हिसा लावला. १९९३ मध्ये पाहुण्यांचा अपिलाचा हक्क काढला. पण २००० साली तो परत दिला, आणि तो फक्त नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांना! पर्यटकाला नकार मिळाला तर तो दुसरीकडे फिरायला जाईल, पण बहिणीच्या लग्नाला दुसरीकडे जाता येत नाही. निदान तत्त्व म्हणून हे एका सरकारने मान्य केलं होतं. सुरुवातीला तोंडी सुनावणीची फी ५०० पौंड ठेवली होती, ओरड झाल्यावर कमी केली आणि २००२ मध्ये रद्दच केली. नातेवाईक म्हणजे कोण हे कायद्यात लिहावं लागलं आणि त्यात काका, मामा, आत्या, मावशी, चुलत-मावस भावंडं सगळी आली. साहेबाच्या कायद्यात मावशी! वाचून बरं वाटलं.

२०१२ मध्ये ही यादी छाटली. मावशी गेली, मामा गेला. आणि २५ जून २०१३ पासून हक्कच गेला. सरकारचं म्हणणं होतं की अपिलांवर खर्च फार होतो, लोक आधी न दिलेले कागद अपिलात देतात, त्यापेक्षा नवा अर्ज करावा. यात तथ्य नाही असं नाही. पण नव्या अर्जालाही फी असते, आणि जुन्या नकाराचा शेरा पुसला जात नाही.

मधूनमधून जामिनाची कल्पनाही येते. पाहुण्याकडून पैसे ठेवून घ्यायचे, परत गेला की द्यायचे. इंग्लंडने २००० मध्ये १०,००० पौंडांची आणि २०१३ मध्ये ३,००० पौंडांची योजना काढली होती, दोन्ही गुंडाळल्या. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये मलावी आणि झांबियापासून १५,००० डॉलरपर्यंतचा जामीन सुरू केला. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यापेक्षा ओलीस स्वस्त."

हे शोधताना एक ओळ सापडली ती मात्र आईला वाचून दाखवली. अमेरिकेच्या नियमांत पाहुण्याच्या व्हिसासाठी 'मौज' या शब्दाची व्याख्या दिली आहे, आणि त्यात पर्यटन, विश्रांती यांच्या जोडीला मित्र आणि नातेवाइकांच्या भेटी असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे लेकीकडे जाणं हे मुळातच वैध कारण आहे, नायगाऱ्याची गरज नाही. आई म्हणाली, "चाळीस दिवस रात्रीची जागरणं, याला मौज म्हणतात होय?"

मुलाखतीला मुंबईला मी सोबत गेलो. पूर्वी ही रांग ब्रीच कँडीला लिंकन हाउसच्या बाहेर फुटपाथवर लागायची, २०११ च्या नोव्हेंबरपासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आली. आईच्या हातात ही जाडजूड फाइल: घरपट्टीची पावती, बँकेच्या ठेवी, बाबांच्या पेन्शनचे कागद, गावच्या जमिनीचा सातबारा, ताईच्या लग्नाचे फोटो. मी बाहेर, फोन आत नेता येत नाही, त्यामुळे दीड तास नुसता घड्याळाकडे बघत उभा.

बाहेर आली ती हसतच. खिडकीपाशी मराठी दुभाषी होती. कोणाकडे जाताय? मुलीकडे. कशाला? आई म्हणते, "इथे मी थांबले. नायगारा अगदी जिभेवर आला होता. मग म्हटलं जाऊ दे, आणि सांगितलं, तिचं बाळंतपण आहे." पहिलं नातवंड का? हो. किती दिवस राहणार? "म्हटलं तीन महिने. त्याहून जास्त ह्यांना एकटं सोडलं तर घरात स्वयंपाकघर उरायचं नाही." दुभाषीने हे इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे, पण आतला साहेब हसला म्हणे. व्हिसा मिळाला. फाइल उघडायला लागलीच नाही.

एजंट म्हणाला, नशीब. असेलही. दुसऱ्या खिडकीला दुसरा माणूस बसला असता तर काय झालं असतं, ते कोण सांगणार?

आई आता तिकडेच आहे. भाचीचं बारसं परवा व्हिडिओवर पाहिलं. रोझेलबद्दल मी तिला लिहून पाठवलं होतं, तर एका रविवारी जावयाला घेऊन जाऊन आली. तसं बघण्यासारखं काही सापडलं नाही, पण गाव छान आहे, झाडं खूप आहेत म्हणाली. परतीचं तिकीट पुढच्या महिन्यातलं आहे. काल फोनवर म्हणाली, एजंटाला सांग, नायगारा काही बघून झाला नाही.