चाके असलेले सिंहासन

देऊळ पडले तर देव कोठे जातो? देवस्थानाशी ज्यांचे कुळ बांधलेले आहे त्यांना हा प्रश्न परका नाही. यहुदी लोकांपुढे तो इ. स. पूर्वी सहाव्या शतकात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर यहेज्केल या संदेष्ट्याच्या दर्शनात आहे, असे आम्हांस वाटते.

इ. स. पूर्वी ५९७ मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि राजा यहोयाखीन याच्यासह अनेक कुटुंबे आपल्या देशी नेली. त्यांत यहेज्केल होता. तो पुरोहित कुळातला. परंतु ज्याची सेवा करावयाची ते मंदिर शेकडो कोस दूर राहिले होते.

हद्दपारीच्या पाचव्या वर्षी, ५९३ मध्ये, खबार नावाच्या कालव्याकाठी त्याला दर्शन झाले. उत्तरेकडून वावटळ आली. अग्नीने धगधगणाऱ्या मेघात चार पंखधारी जीव दिसले. प्रत्येकास मनुष्य, सिंह, वृषभ व गरुड अशी चार मुखे होती. जवळच चाकात चाक बसविल्यासारखी चाके होती व त्यांच्या धावा डोळ्यांनी भरलेल्या होत्या. वर नीलमण्यासारखे सिंहासन आणि त्यावर मनुष्याकृतीसारखे तेज होते.

चार मुखांत मनुष्य, श्वापदे, गुरे आणि पक्षी यांतील श्रेष्ठ आले. म्हणजे अवघी सृष्टीच देवाचे वाहन झाली. मेसोपोटेमियातील राजवाड्यांच्या द्वारी मनुष्यमुखी, पंख असलेले पाषाणवृषभ रक्षक म्हणून उभे केलेले असत. त्यांच्याशी साम्य असलेले जीव येथे केवळ भारवाहक झाले आहेत. डोळे सर्वसाक्षित्वाचे चिन्ह होत. परंतु मर्म चाकांत आहे. ज्या सिंहासनाला चाके आहेत, ते एका भूमीला जखडलेले नाही.

पुढील दर्शनात हेच तेज यरुशलेमच्या मंदिराच्या उंबरठ्यावर येते, पूर्वद्वारी थांबते आणि नगराबाहेरील डोंगरावर जाते. त्या काळी जित लोकांचा देवही पराभूत झाला, असे मानीत. यहेज्केल सांगतो की, देव हरला नाही. मंदिरातील परदैवतांची पूजा आणि देशातील अन्याय पाहून तो स्वतः निघून गेला. ५८६ च्या सुमारास मंदिर जळाले, तरी यहुद्यांची श्रद्धा त्याबरोबर जळाली नाही. ५७३ मधील दर्शनात तेच तेज पूर्वेकडून नव्या मंदिरात परतताना त्याने पाहिले. यरुशलेमात दुसरे मंदिर ५१५ च्या सुमारास पुरे झाले.

आमच्या गोमंतकातही सोळाव्या शतकात देवळे पाडली जात असता भक्तांनी कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा अंत्रुजात नेली. दोन्ही इतिहास एक नव्हेत. येथे भक्तांनी देवाला वाहून नेले. तेथे मूर्तीच नव्हती, म्हणून देव आपल्या रथातून परदेशी पडलेल्या भक्तांपाशी आला. पाडलेल्या देवळाबरोबर देव संपत नाही, हे मात्र दोघांनीही जाणले. अंत्रुजातील देवळांत हात जोडणाऱ्यांना खबारकाठच्या त्या पुरोहिताचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.