एकाच दिवशी दोन कौल

निवडणूक आली की बाहेरगावचे लोक हमखास विचारतात, "तुमचं जालना नेमकं कोणाचं?" कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला आमचा नवीन जालना. या प्रश्नाचे सरळ उत्तर दोन्ही काठांवर मिळत नाही.

आधी निकाल पाहू. १९९६ ते २०१९ या काळात लोकसभेच्या सात निवडणुका झाल्या. सातही वेळा जालन्याने भाजपचाच खासदार निवडला. दोनदा उत्तमसिंग पवार, पाच वेळा रावसाहेब दानवे. विधानसभेला मात्र १९९९ मध्ये काँग्रेसचे कैलास गोरंट्याल निवडून आले, २००४ मध्ये शिवसेनेचे अर्जुन खोतकर. पुढे २०२४ पर्यंत हीच पाळी चालू राहिली, एकदा हे, एकदा ते. २०१४ चा फरक तर अवघा २९६ मतांचा होता.

यातले १९९९ हे वर्ष मला फार बोलके वाटते. त्या सप्टेंबरात महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान एकत्रच झाले. जालन्याचा खासदार भाजपचा झाला आणि आमदार काँग्रेसचा. आता, लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. त्यामुळे प्रत्येकाने मत फोडले, असे काही यावरून सिद्ध होत नाही. पण एकाच दिवसाचा कौल एकसारखाच लागतो, हा समज मात्र खोटा ठरतो.

असे का होते? माझ्या मते मतदार दोन पदांना दोन मापे लावतो. दिल्लीसाठी तो पक्ष आणि पंतप्रधान पाहतो. आमदाराची ओळख मात्र नळाचे पाणी, मोंढ्यातला भाव आणि तहसीलातले अडलेले काम यांवरून पटते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतले नॉर्थ डकोटा हे शेतकऱ्यांचे छोटे राज्य. १९६८ पासून अध्यक्षपदासाठी ते सतत रिपब्लिकन पक्षालाच कौल देत आले. तरीही १९८७ ते २०१० अखेरपर्यंत वॉशिंग्टनला गेलेले त्याचे तिन्ही प्रतिनिधी डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. लोकसंख्या थोडी, प्रतिनिधी ओळखीचा, आणि प्रश्न गव्हाचे. पुढे पक्षांची ओढ वाढली आणि तिथली ही रीत मोडली.

आपल्याकडे 'एक देश, एक निवडणूक' यासाठीचे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले. एकत्र मतदानाने राज्याचे प्रश्न देशाच्या लाटेत वाहून जातील, अशी भीती घातली जाते. १९९९ चे जालना सांगते की मतदार इतका भोळा नाही.

पण दुसरी बाजूही आहे. मे २०२४ मध्ये काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे यांनी दानवे यांना एक लाखाहून अधिक मतांनी हरवले. मराठा आरक्षणाचे आंदोलन याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून पेटले होते. सहाच महिन्यांनी, नोव्हेंबरात, जिल्ह्यातल्या पाचही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. मधल्या काळात लोकांनी सरकारला दणका दिला, सरकारने 'लाडकी बहीण' योजना आणली, लोकांनी पुन्हा हिशेब मांडला.

दोन मते एकाच दिवशी वेगवेगळी देता येतात, हे खरे. पण पहिल्या मताचा परिणाम पाहून दुसरे देण्याची सोय त्यात उरत नाही. खर्च किती वाचेल याचा हिशेब मांडताना ही सोयही त्याच वहीत लिहायला हवी.