तडित् संरक्षण व भूयोजन, बिनतारी पुनःप्रेषकांचे

डोंगरमाथ्यावर किंवा उंच मनोऱ्यावर बसविलेला बिनतारी पुनःप्रेषक विजेच्या आघातापासून सुरक्षित राहावा म्हणून त्याचा मनोरा, आकाशक, तारा व यंत्रसामग्री एकमेकांशी व जमिनीशी विद्युत् दृष्ट्या जोडण्याच्या पद्धतीस पुनःप्रेषकाचे तडित् संरक्षण असे म्हणतात. व्यवहारात पुनःप्रेषकाला रिपीटर व भूयोजनाला अर्थिंग म्हणतात. एका कंप्रतेवर आलेला संदेश ग्रहण करून त्याच वेळी तो दुसऱ्या कंप्रतेवर अधिक शक्तीने प्रक्षेपित करणे, हे पुनःप्रेषकाचे कार्य होय. अत्युच्च कंप्रतेचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने हा संच उंचावर बसवावा लागतो. उंचीमुळे त्याची उपयुक्तता वाढते व त्याच कारणाने त्याच्यावर वीज पडण्याचा संभवही वाढतो. या दुहेरी परिस्थितीतून तडित् संरक्षणाची समस्या निर्माण होते.

वडसा परिसराची पार्श्वभूमी : गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज हे गाव वडसा या नावानेही ओळखले जाते. ते वैनगंगेच्या पूर्वतीरावर असून गोंदिया–चांदा फोर्ट लोहमार्गावरील त्याच्या स्थानकाचे नाव वडसा असे आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगेच्या काठची जमीन सपाट व भातशेतीची आहे. तेथून पूर्वेस कुरखेडा, कोरची आणि धानोरा तालुक्यांकडे जाऊ लागताच साग, बांबू व मिश्र वृक्षांची दाट वने आणि खडकाळ टेकड्या सुरू होतात. अशा प्रदेशात दोन हातसंचांचा परस्पर संपर्क फार थोड्या अंतरापर्यंत टिकतो. जमिनीपासून १·५ मी. उंचीवर धरलेल्या दोन संचांची रेडिओ क्षितिजमर्यादा तत्त्वतः सु. १० किमी. येते, प्रत्यक्षात झाडी व चढउतार यांमुळे ती पुष्कळच कमी असते. सभोवतालच्या प्रदेशापेक्षा १०० मी. उंच अशा जागी पुनःप्रेषक असल्यास हीच मर्यादा सु. ४६ किमी. होते. पोलीस व वन या खात्यांचे बिनतारी दळणवळण अशा स्थानकांवर अवलंबून असते. वणवा लागला, एखादा रुग्ण दुर्गम पाड्यावर अडकला किंवा पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद झाला, म्हणजे या संचाचे महत्त्व लक्षात येते. वादळाच्या वेळी त्याची गरज सर्वांत अधिक असते आणि त्याला धोकाही त्याच वेळी सर्वांत मोठा असतो.

आरंभीचा इतिहास : आकाशातील वीज ही विद्युत् घटनाच आहे, याचा प्रायोगिक पुरावा १० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली-ला-व्हील येथे मिळाला. बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) यांनी सुचविलेला प्रयोग तेथे दालीबार यांच्या योजनेनुसार करण्यात आला व लोखंडी दांड्यातून ठिणग्या काढण्यात यश आले. पुढील वर्षी सेंट पीटर्झबर्ग येथे रिखमान हे शास्त्रज्ञ अशाच प्रयोगात मृत्युमुखी पडले. त्यांच्या उपकरणाला जमिनीशी जोडणारा मार्ग नव्हता. इमारतीवर टोकदार दांडा, त्यापासून खाली येणारा संवाहक व जमिनीत पुरलेले टोक, ही फ्रँक्लिन यांची त्रिविध रचना मूलतः आजही कायम आहे. परंतु पुरलेले टोक कसे असावे, या प्रश्नाकडे बराच काळ फारसे लक्ष दिले गेले नाही. जमीन म्हणजे कितीही विद्युत् भार सामावून घेणारे कोठार, अशी सर्वसाधारण समजूत होती.

तारायंत्रामुळे या समजुतीची कसोटी लागली. १८३८ मध्ये कार्ल आउगुस्ट श्टाइनहाइल (१८०१–७०) यांना असे आढळून आले की, विद्युत् मंडल पूर्ण करण्यासाठी परतीची तार आवश्यक नसून जमीनच ते कार्य करू शकते. त्यामुळे प्रत्येक तारघरात धातूचा पत्रा जमिनीत पुरण्याची प्रथा पडली. म्हणजे दळणवळणातील भूयोजन प्रथम संदेशासाठी आले. संरक्षणासाठी त्याचा उपयोग नंतर झाला. १८४६ मध्ये जोसेफ हेन्‍री (१७९७–१८७८) यांनी दाखवून दिले की, तारेवर प्रत्यक्ष वीज पडली नाही, तरी दूरवर झालेल्या विद्युत् विसर्जनामुळे तारेत प्रवर्तनाने प्रवाह उत्पन्न होतो. १८४७ मध्ये फ्रान्समध्ये ल्वी ब्रेगे (१८०४–८३) यांनी तारघराच्या प्रवेशमार्गात बारीक तार घालण्याची योजना मांडली. तडित् प्रवाहाने ही तार वितळून जाई व आतील यंत्र वाचे. त्यानंतर समोरासमोर ठेवलेल्या दोन पट्ट्यांत अल्प अंतर राखून एक पट्टी जमिनीस जोडण्याची युक्ती रूढ झाली. आधुनिक वायुनलिका-संरक्षकाचे हे मूळ रूप होय.

भारतात विल्यम ब्रुक ओशॉनेसी (१८०९–८९) यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले. त्यांच्याच देखरेखीखाली १८५१ मध्ये कलकत्ता–डायमंड हार्बर ही तारवाहिनी सुरू झाली. दारूगोळ्याच्या कोठारांना तडित् संवाहक लावावेत की नाहीत, या विषयावर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारात झालेल्या पत्रव्यवहारातही त्यांचा सहभाग होता. भारतातील लोहमार्गांबरोबर तारांचे खांबही दूरवरच्या प्रदेशांत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल–नागपूर रेल्वेचा अरुंदमापी मार्ग वैनगंगेच्या खोऱ्यात आला व १९९० नंतरच्या दशकात त्याचे रुंदमापी मार्गात रूपांतर झाले. भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद करण्यात आली. तथापि तारघरांनी घालून दिलेला संरक्षणाचा धडा आजही निरुपयोगी झालेला नाही.

मॅक्सवेल, लॉज व प्रीस : १८७६ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–७९) यांनी एक वेगळा विचार मांडला. इमारतीला सर्व बाजूंनी धातूच्या संवाहकांनी वेढल्यास आतील सर्व वस्तूंचे वर्चस् बाह्य आवरणाबरोबरच वाढते व त्यामुळे आत ठिणगी पडण्याचे कारण उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. वीज जमिनीत घालविण्यापेक्षा आतील वस्तूंत वर्चोभेद निर्माण होऊ न देणे महत्त्वाचे, हे तत्त्व त्यात अंतर्भूत होते.

१८८८ मध्ये ऑलिव्हर लॉज (१८५१–१९४०) यांनी लायडन पात्राच्या विसर्जनाला दोन पर्यायी मार्ग दिले : एक जाड तांब्याच्या तारेचा व दुसरा हवेतील फटीचा. अल्प रोधाचा धातुमार्ग उपलब्ध असूनही विसर्जन पुष्कळदा हवेतूनच उडी घेते, असे दिसून आले. प्रवाह अत्यंत वेगाने बदलत असता संवाहकाच्या रोधापेक्षा त्याचे स्वप्रवर्तन अधिक अडथळा करते, हा निष्कर्ष लॉज यांनी काढला. ब्रिटिश टपाल खात्यातील विद्युत् अभियंते विल्यम प्रीस (१८३४–१९१३) यांनी त्याला विरोध केला. हजारो तडित् संवाहकांचा अनुभव आपल्या पाठीशी आहे व संवाहक योग्य रीतीने बसविल्यास तो दगा देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वर्षी बाथ येथे भरलेल्या ब्रिटिश ॲसोसिएशनच्या अधिवेशनात हा वाद रंगला. आज मागे वळून पाहता दोघांच्याही भूमिकेत तथ्यांश दिसतो. लॉज समजत होते तशी वीज आंदोलनशील नसून बहुधा एकाच दिशेने वाहते, हे नंतरच्या मापनांनी दाखविले; परंतु स्वप्रवर्तनाविषयीचा त्यांचा निष्कर्ष अबाधित राहिला. याच संशोधनातून लॉज विद्युत् चुंबकीय तरंगांच्या अभ्यासाकडे वळले. १८९५ मध्ये रशियात अलेक्सांद्र पपॉव्ह यांनी तयार केलेला ग्राहक प्रथम वादळातील विजांची नोंद करण्यासाठी वापरला गेला. अशा रीतीने बिनतारी विद्येची वाटचाल आरंभापासूनच तडित् संशोधनाशी जोडलेली आहे.

मनोऱ्यावरील आघाताचे स्वरूप : स्वित्झर्लंडमधील मोन्ते सान साल्व्हातोरे या डोंगरावर कार्ल बेर्गर यांनी १९४३ पासून दीर्घकाळ केलेल्या मापनांनुसार ऋण विद्युत् भाराच्या पहिल्या आघाताचा कमाल प्रवाह मध्यमानाने सु. ३० किलोअँपिअर असतो. तो काही मायक्रोसेकंदांतच या मूल्यास पोहोचतो. भूयोजनाचा रोध १० ओहम मानला, तर या प्रवाहामुळे मनोऱ्याच्या पायथ्याचे वर्चस् क्षणभर ३ लाख व्होल्टपर्यंत चढते. सरळ संवाहकाचे स्वप्रवर्तन दर मीटरला सु. १ मायक्रोहेन्‍री धरल्यास, व प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १५ किलोअँपिअर या त्वरेने वाढत असल्यास, संवाहकाच्या प्रत्येक मीटरवर १५,००० व्होल्टचा फरक पडतो. म्हणून भूयोजनाची तार जाड असण्याइतकेच ती आखूड, रुंद पट्टीच्या आकाराची व तीव्र वळणांविना असणे आवश्यक ठरते.

यावरून असे दिसून येईल की, केवळ रोध कमी केल्याने यंत्र वाचत नाही. मनोरा एका भूयोजनास, यंत्र दुसऱ्यास आणि वीजपुरवठा तिसऱ्यास जोडलेला असल्यास आघाताच्या वेळी या तिन्हींचे वर्चस् वेगवेगळे होते व तो फरक यंत्रातूनच मार्ग काढतो. निर्वात नलिकांचे जुने संच असे धक्के काही प्रमाणात सहन करीत. ट्रँझिस्टर व संकलित मंडले यांना मात्र थोडासा अतिरिक्त विद्युत् दाबही घातक ठरतो. यंत्र लहान व कार्यक्षम होत गेले, तसे त्याचे संरक्षण अधिक काटेकोर करणे भाग पडले.

जमिनीचा प्रश्न : भूयोजनाचा रोध मुख्यत्वे मातीच्या रोधकतेवर अवलंबून असतो. ३ मी. लांब व १६ मिमी. व्यासाचा दांडा उभा पुरला व मातीची रोधकता ५० ओहम-मीटर असली, तर त्याचा रोध सु. १७ ओहम येतो. नदीकाठच्या ओलसर, चिकण गाळात ही स्थिती संभवते. तोच दांडा १,००० ओहम-मीटर रोधकतेच्या कोरड्या, खडकाळ जमिनीत पुरल्यास रोध सु. ३३५ ओहम होतो. वडशाच्या भातखाचरात जे एका दांड्याने साधेल, ते पूर्वेकडील टेकडीवर वीस दांड्यांनीही साधेलच असे नाही. शिवाय दांडे जवळजवळ पुरल्यास त्यांचे प्रभावक्षेत्र एकमेकांत मिसळते व अपेक्षित लाभ मिळत नाही.

ऋतुमानाचाही येथे विचार करावा लागतो. उन्हाळ्याच्या अखेरीस माती पूर्णपणे सुकलेली असते व भूयोजनाचा रोध वर्षातील कमाल मूल्याजवळ असतो. वळवाचा गडगडाटी पाऊस नेमका त्याच वेळी येतो. पावसाळ्यात घेतलेले समाधानकारक मापन म्हणूनच फसवे ठरू शकते. कोळसा व मीठ घालून खड्डा भरण्याची पद्धत भारतात सर्वत्र रूढ आहे. मिठामुळे रोध कमी होतो, पण ते पावसाबरोबर वाहून जाते व धातूलाही गंज चढविते. त्यामुळे ओलावा धरून ठेवणारी बेंटोनाइट माती अनेक ठिकाणी वापरतात. खडकाळ जागी मनोऱ्याच्या पायथ्यापासून चारी दिशांना पट्ट्या पुरून पसरवितात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हर्बर्ट उफर यांनी ॲरिझोनातील कोरड्या भूमीवर दारूगोळा-कोठारांच्या काँक्रीट पायातील पोलादाचाच भूयोजनासाठी उपयोग केला. काँक्रीट ओलावा शोषून धरीत असल्याने ही पद्धत डोंगरावरील मनोऱ्यांनाही उपयुक्त ठरली आहे.

प्रचलित पद्धती : मनोऱ्याच्या पायथ्याभोवती व यंत्रगृहाभोवती संवाहकाची वलये पुरून ती परस्परांस जोडतात. आकाशकापासून येणाऱ्या समाक्ष तारेचे बाह्य आवरण मनोऱ्याच्या माथ्याशी, पायथ्याशी व यंत्रगृहाच्या प्रवेशाशी भूयोजित करतात. पायथ्याजवळचा जोड शक्य तितका खाली ठेवतात. सर्व तारा भिंतीतील एकाच जागेतून आत आणून तेथे तांब्याची सामायिक पट्टी बसवितात. वायुनलिका-संरक्षक, यंत्राची चौकट व वीजपुरवठ्याचे भूयोजन ही सर्व त्या पट्टीस जोडलेली असतात. वीजपुरवठ्याच्या मार्गावर धातु-ऑक्साइड रोधक बसवितात. हे घटक १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये विकसित झाले. गावातून येणारी उपरी वीजवाहिनी हा आघाताचा दुसरा मोठा प्रवेशमार्ग असल्याने आकाशकाइतकेच तिच्याकडेही लक्ष पुरवावे लागते. सौर पट्टिकांवर चालणाऱ्या स्थानकांत हा मार्ग टळतो. परंतु पट्टिकांपासून येणाऱ्या तारांचे संरक्षण करावेच लागते.

भूयोजनासंबंधीची भारतीय मानक संहिता आय.एस. ३०४३ ही प्रथम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुधारित आवृत्ती १९८७ मध्ये निघाली. इमारतींच्या तडित् संरक्षणासंबंधीची आय.एस. २३०९ ही संहिता १९८९ मध्ये सुधारण्यात आली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजांचे स्थान शोधणारे संवेदकांचे जाळे उभारले असून तिच्या ‘दामिनी’ या भ्रमणध्वनी-प्रणालीद्वारे जवळच्या विजांची सूचना मिळते. शेतात वा रानात काम करणाऱ्यांना ती उपयुक्त आहे. मात्र जेथे भ्रमणध्वनीचा संपर्क पोहोचत नाही, तेथे ही सूचना पोहोचविण्याचे काम पुन्हा बिनतारी पुनःप्रेषकावरच येऊन पडते.

देखभाल : संरक्षणव्यवस्था एकदा उभारली म्हणजे कायमची झाली, असे नाही. सांधे गंजतात, तांब्याच्या पट्ट्या चोरीस जातात, वायुनलिका वारंवारच्या आघातांनी निकामी होतात आणि नंतर बसविलेले एखादे यंत्र सामायिक पट्टीस जोडण्याचे राहून जाते. हे दोष बाहेरून दिसत नाहीत. ते पहिल्या वादळातच प्रकट होतात. म्हणून सर्व जोडांची तपासणी व भूयोजनाच्या रोधाचे मापन दरवर्षी मे महिन्यात, माती सर्वांत कोरडी असताना व मृगाच्या पावसापूर्वी करणे इष्ट ठरते. वादळ डोक्यावर असताना मनोऱ्याजवळ थांबू नये, कारण आघातसमयी पायथ्याजवळच्या जमिनीतील दोन पावलांच्या अंतरातही प्राणघातक वर्चोभेद निर्माण होतो.