मावशीच्या मागे उभे राहणारे चौघे

तमाशातली मावशी नावाने आपल्या सगळ्यांना ठाऊक असते. पाहिलेली मात्र आपल्यातल्या फार थोड्या जणींनी. डोक्यावरून पदर, कमरेवर हात, आणि पदराआड चांगला बाप्या माणूस! मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची ही म्होरकी. वाटेत कृष्ण आणि त्याचा सोबती पेंद्या आडवे येतात, दाण मागतात. दाण म्हणजे जकात. मग दूध कुणाचं, कष्ट कुणाचे आणि तू मधे कोण, यावरून मावशी पेंद्याला असं काही फैलावर घेते की हसून पुरेवाट होते.

पुढे पवळा हिच्यासारख्या बाया तमाशात उभ्या राहिल्या, गाजल्या. मावशीचं काम मात्र बहुतेक बाप्याकडेच राहिलं. बाईच्या तोंडचा जाब पुरुषाने विचारायचा आणि ऐकायलाही पुरुषच! आम्हाला याची गंमत वाटते, थोडा रागही येतो.

पण आज बोलायचंय ते तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसांबद्दल. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झांज, असे बहुधा चौघे. यांतले तुणतुणेवाला आणि झांजवाला नुसते वाजवत नाहीत, ते झिलकरीही असतात. पुढच्याने ओळ सोडली की तिचं शेपूट पकडून ‘जी जी’ करत सूर वर चढवायचा. बतावणी कागदावर लिहिलेली नसते, तिथल्या तिथे सुचेल तशी चालते. त्यामुळे कुठे हुंकार द्यायचा, कुठे गप्प राहायचं, हे मागच्याला कळलं नाही तर सोंगाड्याचा विनोद पडलाच म्हणून समजा. वर्षानुवर्षं एका फडात काढल्यावरच ही जाण येते.

असे चौघे दुसरीकडेही आहेत. अमेरिकेत न्हाव्याच्या दुकानाच्या नावाने ओळखली जाणारी चौघांची गाणी आहेत. वाद्य नाही, नुसते चार आवाज, आणि बरीचशी थट्टामस्करी. या गाण्याची मुळं तिथल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत आहेत. १९३८ साली टल्सा गावात त्याची संस्था निघाली, तेव्हा काळ्यांना आणि बायांनाही तिथे जागा नव्हती. बाया काही रडत बसल्या नाहीत. १९४५ साली त्याच गावात त्यांनी आपली वेगळी संस्था काढली.

आपल्याकडे लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. नांदेड-लातूरकडची लाल कंधारी आणि देवणी जनावरं येतात, घोडे येतात, गाढवं येतात, तमाशाचे फड येतात. बायांनी दर्शन घ्यायचं, बांगड्या भरायच्या आणि परतायचं, ही जुनी रीत. तंबू पुरुषांचा. आपल्या वाट्याला आलं ते सप्ताहातलं भारूड. नाथांच्या भारुडातली सून सासरच्या एकेकाचा काटा काढायला देवीला नवस बोलते, तेव्हा देवळात बसलेल्या सासवासुद्धा पदर तोंडाला लावून हसतात.

आता हे मागचे चौघे म्हातारे झालेत. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरी शेवटची वर्षं हलाखीतच गेली. मग तुणतुणेवाल्याला कोण विचारतो? सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आहे, २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये. वयाची पन्नाशी उलटलेली लागते आणि कलेत काम केल्याचा पुरावा लागतो. इथेच घोडं अडतं. जाहिरातीवर नाव फडमालकाचं, फोटोत पुढे नाचणारी आणि सोंगाड्या. झिलकऱ्याचा दिसला तर खांदा दिसतो!

म्हणून ऐकणाऱ्या गटांना आमची एक विनंती आहे. गावात असा कुणी असेल तर त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. कोणत्या फडात होता, कोणत्या सालापासून, सोबत कोण होतं, हे लिहून घ्या. सूर लावता येत असेल तर मोबाईलवर भरून घ्या. बायांपुढे मावशीची बतावणी करायला तो आधी लाजेल. थोडा धीर धरा. आणि त्याच्या बायकोलाही विचारा. दसऱ्याला निघालेला फड बुद्धपौर्णिमेला परतायचा. तोवर शेत, लेकरं आणि सावकार तिने कसे सांभाळले, तेही वहीत घ्या.