छापलेली नावे आणि झाकलेली नावे : बदनामीच्या पुण्यातील तीन संस्था

आजचा धागा थोडा लांब आहे. सुरुवात वर्तमानातून होईल. घटना मात्र १८६३ ते १९१२ या काळातल्या आणि बहुतेक पुण्यातल्या.

सायबर छळाविरुद्ध काम करणारी एखादी धर्मादाय संस्था आपले संकेतस्थळ सुधारून घेण्यासाठी डिजिटल एजन्सीकडे जाते, तेव्हा एजन्सीचे नेहमीचे आडाखे तिथे चालत नाहीत. साबण विकायचा असेल तर समाधानी ग्राहकाचा हसरा चेहरा दाखवता येतो. येथे जिला मदत मिळाली तिचे नाव, गाव, छायाचित्र यांपैकी काहीच दाखवता येत नाही. संस्था शोधताक्षणी सापडली पाहिजे. शोधणारी मुलगी मात्र कोणालाही सापडता कामा नये. म्हणूनच अशा कित्येक संकेतस्थळांवर पान झटक्यात बंद करणारे बटण असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही स्त्रिया व बालकांविषयीच्या काही तक्रारी नाव न देता नोंदवता येतात.

हा पेच संगणकाने निर्माण केलेला नाही. छापखाना आणि पेठेतल्या भिंती एवढीच साधने हाती असताना पुण्यातील संस्थांना तो सोडवावा लागला होता.

प्रथम छळाचे स्वरूप पाहू. सावित्रीबाईंवर फेकलेले शेण सर्वांना ठाऊक आहे. १८७५ मध्ये स्वामी दयानंदांची मिरवणूक निघाली, त्याच दिवशी विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून त्यांची विटंबना केली. आगरकरांना तर जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. हे सारे रस्त्यावरचे प्रकार. मला अधिक भयंकर वाटतो तो कागदावरचा प्रकार.

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्या. रानडे, टिळक, गोखले आदी प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. सभेनंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. या प्रकारामागे होते गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती. खोडसाळपणा हा त्यांचा स्वभावच होता. पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली.

फक्त नावांची यादी! त्यात शिवी नव्हती, आरोपही फारसा नव्हता. पण ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा आणि त्याखाली नाव एवढे पुरेसे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, ग्रामण्य झाले. ग्रामण्य म्हणजे बहिष्कार. भिक्षुक घरी येत नाही, पंगतीला बोलावणे येत नाही, सासरी असलेल्या लेकीला माहेरची वाट बंद होते. कप ज्याने उचलला त्याच्यापेक्षा घरातल्या बायकामुलांना त्याची झळ अधिक. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, ते मुख्यतः इतरांची अडचण संपावी म्हणून. आणि त्याबद्दल सुधारकांकडूनही बोल ऐकून घेतले. एखाद्याची खाजगी माहिती चव्हाट्यावर मांडायची आणि शिक्षेचे काम जमावावर सोडायचे, ही आजच्या समाजमाध्यमांची रीत या चहाच्या यादीत पूर्ण तयार दिसते.

आता सत्तावीस वर्षे मागे जाऊ, कारण याच शहरात छपाईचा अगदी उलटा वापर त्याआधीच होऊन गेला होता.

जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला नादी लावले. ती गरोदर राहिली. अब्रूच्या भयाने तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. खटला होऊन तिला अंदमानची जन्मठेप झाली. शास्त्रीबुवांचे काय झाले हे विचारण्याची गरज नाही. या घटनेनंतर जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. वर्ष १८६३.

घर काढले, पण ज्यांच्यासाठी काढले त्यांना कळणार कसे? गरोदर विधवा कोणाला पत्ता विचारणार? विचारणे म्हणजेच कबुली. फुल्यांनी छापील पत्रके काढली आणि ब्राह्मणवस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना चिकटवली. येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे आपल्या मर्जीवर, असा त्यांचा आशय. त्या पत्रकाचा विचार आज जाहिरातकाराच्या नजरेने करून पाहा. पत्ता उघड आहे, चालवणारा उघड आहे, येणारी मात्र पूर्ण झाकलेली आहे. पाणी आणायला निघालेली बाई चालता चालता ते पाहू शकते, थांबण्याचीही गरज नाही. जिथे भीती राहत होती नेमक्या त्याच गल्लीत मदतीची पाटी लागली. यासाठी काय काळीज लागत असेल!

४ डिसेंबर १८८४ रोजी लिहिलेल्या निवेदनात फुल्यांनी आकडा दिला आहे : तोवर ३५ गरोदर विधवा या घरात येऊन बाळंत झाल्या, आणि मुलांपैकी ५ जिवंत होती. गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची दगावली, असे कारणही त्यांनी नोंदवले आहे. इतक्या मोडक्या यशाचा आकडा कोणती संस्था आज आपल्या पहिल्या पानावर देईल? १८७४ मध्ये फुले दांपत्याने अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

तिसरा टप्पा कर्व्यांचा, आणि तो सरळ नाही. त्याआधी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा उल्लेख हवा. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले हे सदन पुढल्या वर्षी पुण्यात आले. १८९३ मध्ये तिथे विधवांना ख्रिस्ती केले जाते, अशी टीका 'केसरी'ने लावून धरली. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. संस्थेची इमारत तशीच उभी होती. विश्वास काही आठवड्यांत गेला.

त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी याच सदनातल्या विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, पुनर्विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार टाकला. एवढे सोसल्यावर कर्व्यांनी जे केले ते एखाद्या चाणाक्ष एजन्सीच्या सल्ल्यासारखे दिसते. १८९३ मध्ये निघालेली 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' १८९५ मध्ये 'विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी' झाली. उत्तेजन नाही, केवळ अडथळा दूर करणे! १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा पुनर्विवाहाच्या चळवळीपासून त्याला कटाक्षाने वेगळे ठेवले, भर शिक्षणावर. वार्षिक अहवाल छापले, हिशेब उघडे ठेवले. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या झोपडीत गेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून कर्वे संध्याकाळी तिथवर चालत जात.

या धोरणाची किंमतही होती. प्रारंभी आश्रम ब्राह्मण विधवांपुरताच राहिला. निंदकांना बोट ठेवायला जागा नको, म्हणून संस्थेने निंदकांच्याच पुष्कळ अटी पाळल्या. फुल्यांचे पत्रक मला यापेक्षा थोर वाटते. त्यात कोणाची मनधरणी नाही. पण न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की फुल्यांचे गृह एका घराच्या ऐपतीवर चालले, तर कर्व्यांची संस्था आजही कर्वेनगरात उभी आहे, आणि तिथे शिकलेल्या मुलींची संख्या ३५ च्या कितीतरी पलीकडे गेली.

त्या संस्थेचा चेहरा मात्र कर्वे नव्हते, असे माझे मत आहे. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा. आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली, सभांतून भाषणे केली. कित्येक वर्षे त्या केशवपन केलेल्या, आलवणातल्या सोवळ्या बाईच्या वेशातच हे काम करीत होत्या. अशा बाईला सनातनी घराचे दारही उघडे असे. जो वेश विधवेला ओळखून वेगळे काढण्यासाठी लादला होता, तोच वेश संस्थेसाठी विश्वासाचे ओळखपत्र ठरला.

१९१२ मध्ये पार्वतीबाईंनी केशवपन सोडले. तेव्हा त्या चाळिशीच्या घरात होत्या, आणि वर्गणीसाठीचे फिरणे चालूच होते. १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, इंग्रजी जेमतेम येत असताना. त्या प्रवासावर पुढचा धागा.